मळ्यातल्या घराला रात्री बाहेर लाईट ठेवावी की अंधारच बरा?

गिरणाकाठ:

मंडळी, विषय साधा आहे, पण आमच्या घरात त्यावरून आखाजीपासून (अक्षय तृतीया) दोन तट पडलेत.

मळा भडगाव तालुक्यात, गावापासून दीडेक किलोमीटर, गिरणेच्या अंगाला. आई-अप्पा आता कायमचे तिकडेच राहायला गेलेत. सालदाराचं बिऱ्हाडही तिथेच. पूर्वेला तोंड करून घर, समोर खळं, डाव्या हाताला गोठा, मागे विहीर आणि विहिरीपलीकडे कपाशी अन् थोडी केळी. गावचा शेवटचा खांब संपला की पुढे मिट्ट काळोख.

मोठ्या भावाने ठरवलंय की घराच्या चारी कोपऱ्यांवर शंभर-शंभर वॉटचे एलईडी फ्लड, म्हणजे झोताचे मोठे दिवे, बसवायचे. संध्याकाळी सातला चालू, सकाळी सहाला बंद. त्याची कारणं खोटी नाहीत. शिवारात केबली आणि स्टार्टर चोरीला जातात. २०१७ च्या हिवाळ्यात चाळीसगाव तालुक्यात बिबट्याने माणसं मारली, तेव्हापासून आमच्याकडच्या बाया अंधार पडायच्या आत वावरातून निघतात. वरून सरपटणाऱ्याची भीती.

अप्पांचं म्हणणं बरोबर उलट. "उजेडात बसलेल्याला अंधारातलं काही दिसत नाही, अंधारातल्याला उजेडातलं सगळं दिसतं. चोरासाठी मांडव घालायचा का?" आईची तक्रार तिसरीच. खळ्यातला बल्ब लावला की पावसाळ्यात ताटात भाजी कमी आणि पाखरं जास्त.

माझा कल अप्पांकडे आहे, पण पूर्ण अंधारही मला पटत नाही. बाहेरची लाईट आपल्या पायांसाठी असावी: दार, पायऱ्या, गोठ्याची वाट, स्टार्टरची पेटी. बिबट्यासाठी नि चोरासाठी म्हणून लावलेली लाईट नेमकी कुणाच्या कामी येते ते घरात बसून कळत नाही, वावरात जाऊन घराकडे बघावं लागतं. भावाने नमुन्यादाखल एक फ्लड गोठ्याच्या कोपऱ्याला बांधलाय, तोंड सरळ वावराकडे. विहिरीकडून चालत आलो तर डोळ्यांवर नुसता पांढरा पडदा. सालदार त्या दिव्याखालीच उभा होता, पण त्याने हाक मारेपर्यंत मला दिसला नाही. मग ओट्यावर जाऊन उलट बघितलं. उजेड पुरतो तिथवर गवताची काडी न् काडी दिसते आणि तिथून पुढे काळी भिंत. फ्लड बंद केला तेव्हा थोड्या वेळाने केळीची बाग, बांध, शेजाऱ्याचं शेड, सगळं हळूहळू दिसायला लागलं.

खर्चाचंही बघा. चारशे वॉट अकरा तास म्हणजे रोजचे ४.४ युनिट, महिन्याला १३० च्या वर. शेतीपंपाचं बिल साडेसात अश्वशक्तीपर्यंत सरकारने माफ केलंय, घराच्या मीटरचं नाही केलं.

तर मळ्यात राहणाऱ्यांनी सांगा, तुमच्याकडे काय आहे? सेन्सरवाल्या लाईटी टिकतात का? सोलरवाल्या? पांढरी बरी की पिवळी? पुण्या-मुंबईच्या बंगल्यांचा अनुभव नको, तिथे रस्त्यावरच दिवस असतो.


केळीवाला_रावेर:

भाऊ, चोरीपुरतं बोलतो. आमच्याकडे चोरीपेक्षा वाईट प्रकार आहे. निसवलेली, म्हणजे घड बाहेर पडलेली, केळीची बाग रात्रीतून कोयत्याने आडवी करतात. नेत काही नाहीत, नुसता सूड. वर्षभराचं पीक सकाळी जमिनीवर लोळत असतं. माझ्या घरावर तेव्हाही मोठा हॅलोजन होता. घर ते बाग अंतर एवढं की हॅलोजन काय, दिवाळी लावली तरी तिथे उजेड पोचणार नाही. तक्रार केली, पंचनामा झाला, पुढे काही नाही.

आता आम्ही बांधाला बांध लागलेले शेतकरी आळीपाळीने राखण करतो. मोबाईलवर ग्रुप आहे. कुणाच्या बागेत बॅटरीचा उजेड हलताना दिसला की लगेच फोन. आणि हे अंधार असतो म्हणूनच जमतं. सगळ्यांनी फ्लड लावले असते तर बागेतली बॅटरी दिसलीच नसती.


भुसावळकर:

धागाकर्त्याशी असहमत. तुम्ही तरुण लोक रात्री वावरात उभं राहून प्रयोग करता, ठीक आहे. सत्तरीतली माणसं रात्री उठून संडासला जातात, त्यांचं काय? पाय घसरून खुबा मोडला तर कोणता अंधार कामाला येणार? आमच्या आत्याकडे रात्री १०८ ला फोन केला, गाडी शिवारात आली आणि घर सापडेना. सगळी घरं सारखी, पाटी नाही, उजेड नाही. ड्रायव्हर फोनवर विचारतोय "कोणतं घर?" आणि इकडून सांगतायत "निंबाच्या झाडाजवळचं." त्या अंधारात त्याला निंब काय अन् बाभूळ काय!

लाईट हवीच. बिल येऊ द्या.


गिरणाकाठ:

@भुसावळकर, गाडीचा मुद्दा एकदम पटला, डोक्यातच आला नव्हता. फाट्यावर, म्हणजे डांबरी सोडून मळ्याच्या रस्त्याला वळतो तिथे, एक दिवा आणि घराच्या दर्शनी भिंतीवर एक, दोन्ही घरातल्या बटणावर घेता येतील. गाडी बोलावली की चालू करायचे. पण त्यासाठी अकरा तास जळत ठेवायची गरज नाही ना?


अडावदची_लेक:

सापांचं मी लिहिते, कारण त्यावरून सगळ्यात जास्त लाईटी लागतात.

उजेडाला साप घाबरत नाही. दिव्याखाली पाखरं येतात, पाखरांवर बेडूक अन् पाली येतात आणि त्यांच्या मागे साप. भिंतीवरच्या बल्बखाली जून-जुलैत बघा, बेडकांची पंगत बसलेली असते. आमच्या माहेरी ओट्याच्या दिव्याखालीच मण्यार निघाली होती. मण्यार रात्रीच फिरते, पाली खाते, दुसरे साप खाते, उंदीरही खाते. तिचा दंश पुष्कळदा कळतही नाही, दुखत नाही, सूज नाही. झोपलेल्या माणसाला पहाटे पोटात दुखायला लागतं, पापण्या जड होतात, आणि घरचे म्हणतात रात्रीचं जेवण बाधलं. जमिनीवर झोपणाऱ्यांना धोका जास्त. खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी, हा मण्यारीवरचा खरा उपाय. उन्हाळ्यात अंगणात झोपायची आपल्याकडे पद्धतच आहे. झोपा, पण खाटेवर, आणि खाटेच्या डोक्यावर बल्ब नको.

घोणस आणि फुरसंही रात्रीचेच. त्यांच्यासाठी हातात बॅटरी, पायात बूट आणि पुढे काठी. भिंतीवरचा फ्लड ढेकळाच्या सावलीतलं फुरसं दाखवत नाही. हातातली बॅटरी पावलापुढचं दाखवते.

आणि चावलंच तर घट्ट आवळणं, कापणं, मांत्रिक, काही नाही. हातपाय न हलवता सरळ सरकारी दवाखाना. लस तिथेच मिळते.


पांझराकाठचा_पिंटू:

भो, उजाये दखीसन चोर पयत नई, कुत्रं भुकनं म्हंजे पयस. दोन गावठी कुत्रा पाया, बस.


शहादा_ऊस:

पिंटूभाऊ, कुत्रं पाळा पण रात्री बाहेर बांधू नका. आमच्याकडे उसात बिबट्या कायमचा आहे आणि त्याचं सगळ्यात आवडतं खाणं साखळीला बांधलेलं कुत्रं. चोराला जे भुंकतं तेच बिबट्याला बोलावतं.

बिबट्या आणि लाईट याबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे. नगर जिल्ह्यात अकोले तालुक्याच्या खोऱ्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी कॅमेरे लावून अभ्यास केला होता, २०१३ साली तो प्रसिद्ध झाला. शंभर चौरस किलोमीटरला पाचेक बिबटे, तेही जंगलात नाही, उसात, भरवस्तीच्या शिवारात. मुंबईत तर सोसायटीच्या आवारात लाईटीखालून चालत जाताना कॅमेऱ्यात दिसतो. तो लाईटीला बिचकतो सुरुवातीला. रोज तीच लाईट त्याच जागी दिसली की त्याचाही तो अंगणातला दिवा होतो.

आमच्याकडे ज्यांच्या बकऱ्या गेल्या त्यातल्या बऱ्याच जणांकडे लाईट होती. नव्हतं ते छप्पर. कुडाची भिंत आणि वर उघडं, यात फ्लड लावून उपयोग काय? त्याला फक्त बकरी नीट दिसते. भिंतीपासून छतापर्यंत जाळी, दाराला कडी, फटीतून पंजा जाणार नाही एवढी बारीक जाळी. आधी यावर पैसे घाला.

माणसासाठी मात्र दाराबाहेरचा दिवा कामाचा. बाहेर पाय टाकायच्या आधी तो लावायचा, आवाज करायचा, मग निघायचं. लहान पोरांना संध्याकाळनंतर एकटं सोडायचं नाही आणि उघड्यावर वाकून बसायचं नाही. वनखात्याची माणसंही हेच सांगतात.


वायरमन_नाना:

बऱ्याच दिवसांनी कामाचा धागा आला. मी खेड्यापाड्यात वायरिंगच करतो, तेव्हा जरा सविस्तर.

पहिलं, फ्लडचं तोंड. ९० टक्के लोक तो भिंतीवर लावून समोर बघायला लावतात. उजेड जमिनीवर पडायला पाहिजे, डोळ्यात नाही. काच पूर्ण खाली बघेल असा वाकवा. त्याहून सोपं म्हणजे पूर्वी खांबाला असायची ती पत्र्याची टोपी. बाजारात अजून मिळते. नऊ वॉटचा बल्ब, वर टोपी, दहा फुटांवर. खळं पुरतं दिसतं आणि बांधावरून बघणाऱ्याला बल्ब दिसत नाही.

दुसरं, रंग. खोक्यावर ६५०० के लिहिलेलं असेल तर तो निळसर पांढरा, त्यावर पाखरं जास्त. २७०० किंवा ३००० के म्हणजे पिवळा, त्यावर कमी. शून्य कशावरच नाही, दुकानदार काही म्हणो.

तिसरं, बटण. घर ते गोठा या वाटेला जिन्याला असतं तसं टू-वे बटण घ्या, एक घरात, एक गोठ्यात. घरातून लावून जा, गोठ्यात पोचून बंद करा. हे एवढ्यासाठी सांगतोय की लाईट रात्रभर जळण्याचं खरं कारण भीती नसतं, बंद करायला परत यायचा कंटाळा असतो.

चौथं आणि सगळ्यात महत्त्वाचं. गोठ्यात वायर लोंबती ठेवू नका. पत्र्याला घासून वायर सोलते, पत्रा-खांब-दावण सगळं जिवंत होतं. जनावराला माणसापेक्षा कमी झटका पुरतो, चार पाय ओल्यात, पायात चप्पल नाही. पाइपातून वायर न्या, अर्थिंग करा आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन तोडणारा स्विच, बसवा. जेवढ्यात चार फ्लड येतील तेवढ्यात हे सगळं बसतं.

जुने हॅलोजन असतील तर काढून टाका. पाचशे वॉटचा हॅलोजन बारा तासांत सहा युनिट खातो ते वेगळंच, पण तापतो किती! आपल्याकडे भाव येईल म्हणून लोक घरात छतापर्यंत कापूस भरून ठेवतात. त्या खोलीत, कडब्याच्या गंजीजवळ, कुट्टीजवळ हॅलोजन आणि जोड मारलेली वायर म्हणजे काडीच लावून ठेवली.


पारोळा_कपाशी:

नानांच्या कापसावरून आठवलं. साठवलेल्या कापसातून बोंडअळीचे पतंग निघत राहतात आणि ते लाईटीला येतात. म्हणूनच जिनिंगमध्ये आणि साठवणीच्या जागी प्रकाश सापळे लावायला सांगतात. सापळा म्हणजे काही मोठं यंत्र नाही. बल्ब, त्याखाली घमेलं, घमेल्यात पाणी आणि वर थोडं रॉकेल. पतंग बल्बला धडकतो, पाण्यात पडतो, संपला विषय.

आता तुमचा फ्लड बघा. बल्ब आहे, घमेलं नाही. शिवारातले पतंग गोळा करता आणि कपाशीच्या कडेला नेऊन सोडता. मुळं खाणाऱ्या हुमणी अळीचंही तेच. वळवाचा पहिला पाऊस झाला की संध्याकाळी तिचे भुंगेरे जमिनीतून निघतात, कडुनिंबावर, बाभळीवर, बोरीवर बसतात. तेव्हा फांद्या हलवून, खाली पडलेले वेचून रॉकेलच्या पाण्यात टाकायचे. सापळा लावायचा तर दिवस मावळल्यापासून दहापर्यंत. रात्रभर जाळला तर मित्रकिडेही मरतात.

गुलाबी बोंडअळीसाठी वावरात मात्र कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे, हेक्टरी पाच. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग आले की फवारणीचं बघायचं. त्या सापळ्याला लाईट लागत नाही.

अजून एक गंमत. आमच्या वावराच्या कोपऱ्यावर रस्त्याचा खांब आहे. एका वर्षी तिथे सोयाबीन होतं. सगळं वावर पिवळं पडलं, पानं गळाली, मळणीला आलं आणि खांबाभोवतीचा गोल तसाच हिरवागार! शेंगा भरायचं नाव नाही. सोयाबीन रात्र मोजतं, रात्र पुरेशी लांब झाली की फुलावर येतं. खांबाखाली त्याला रात्रच मिळत नव्हती. हार्वेस्टरवाला म्हणाला, हे हिरवं मशीनमध्ये घालत नाही, विळ्याने कापा.


मूळचा_धुळ्याचा:

सुंदर चर्चा. मी पुण्यात असतो (गिरणाकाठ, क्षमस्व, अनुभव बंगल्याचा नाही), पण आजोळ साक्रीकडे. लहानपणी गच्चीवर पडून आजी दाखवायची ते खाटलं आणि तीन चोर, म्हणजे सप्तर्षी, आता माझ्या मुलांना पुण्यातून धड दिसत नाहीत. आकाशगंगा तर त्यांनी चित्रातच बघितलीय. पेंचच्या जंगलाला २०२४ मध्ये डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला, तिथे लोक पैसे देऊन अंधार बघायला जातात. तोरणमाळला, सातपुड्याच्या पायथ्याला हे फुकट आहे. ते घालवू नका एवढंच म्हणेन.


केळीवाला_रावेर:

खाटल्याचे चोर वर आहेत दादा, माझ्या मोटारीचे खाली आहेत. :)

गंमत केली. या एकदा, बागेच्या बांधावर खाट टाकून देतो.


सातपुडा_पक्षी:

तोरणमाळचं नाव निघालं म्हणून. सातपुड्याच्या पायथ्याला लाईटी वाढल्या तर रानपिंगळ्याचं काय होईल याचा कुणी विचार करतंय का? जगातून नामशेष समजलेला हा घुबडाच्या जातीचा पक्षी ११३ वर्षांनी, १९९७ साली, आपल्या शहाद्याजवळ पुन्हा सापडला. खान्देशाने जगाला दिलेली ही मोठी गोष्ट आहे.


शहादा_ऊस:

रानपिंगळ्याचा अभिमान आम्हालाही आहे, पण तो मुख्यतः दिवसा वावरणारा. त्याचा प्रश्न तोडलेल्या सागाचा आणि जंगलातल्या अतिक्रमणाचा, माझ्या गोठ्यातल्या बल्बचा नाही. रात्रीच्या घुबडाचंच बोलायचं तर गव्हाणी घुबडाचं बोला. ते उंदीर मारतं. गावात लोक अपशकुनी म्हणून हाकलतात.


सातपुडा_पक्षी:

दिवसाचं मान्य. गव्हाणीचंही मान्य. पण काजवे? पावसाच्या तोंडावर सातपुड्यात झाडंच्या झाडं लुकलुकतात. नर-मादी एकमेकांना उजेडानेच शोधतात. शेजारी फ्लड असेल तर त्यांना एकमेकांचा उजेड दिसणार कसा?


भुसावळकर:

आता काजव्यांच्या लग्नासाठी आमच्या म्हाताऱ्यांनी अंधारात चाचपडायचं. चालू द्या.


अडावदची_लेक:

भुसावळकर दादा, म्हाताऱ्यांना अंधारात ठेवा असं कुणीच म्हणत नाहीये. माझ्या सासऱ्यांसाठी खाटेपासून संडासपर्यंत भिंतीला गुडघ्याएवढ्या उंचीवर बारीक पिवळे दिवे लावलेत, रात्रभर जळतात. दोन-दोन वॉटचे. पायापुरता उजेड, डोळ्यात जात नाही, पाखरंही फारशी नाहीत. त्यांना मोठा दिवा सहनच होत नव्हता. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी तर समोर फ्लड आला की ते जागीच थांबायचे, पायरी दिसायची नाही म्हणून.

आणि एक राहिलं. पावसाळ्यात दिव्याखाली एक बारीक किडा येतो, काळा-नारिंगी पट्ट्यांचा, मुंगळ्यासारखा. तो अंगावर चिरडू नका, फुंकून उडवा. चिरडला की कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतात. लहान मुलांच्या मानेवर, डोळ्याजवळ फार त्रास. लोक नागीण समजून उपचार करत बसतात.


भुसावळकर:

गुडघ्याएवढ्या उंचीचे दिवे, ही गोष्ट बरी आहे. कुठल्या दुकानात मिळतात?


अडावदची_लेक:

जिन्याच्या पायरीचे दिवे म्हणून मागा. कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात.


गिरणाकाठ:

सगळ्यांचे आभार. सेन्सर आणि सोलरबद्दल कुणीच बोललं नाही. भाऊ आता सोलरवर आलाय. म्हणतो बिलाचा प्रश्न मिटला, आता लावू का सहा?


वायरमन_नाना:

सोलरची गोम ऐका. ते सगळं एकात असतं ना, वर पॅनल आणि पाठीला बॅटरी, त्यात बॅटरी मे महिनाभर उन्हात भाजते. आपल्याकडचं ऊन म्हणजे ४५ अंश, पॅनलच्या मागे त्याहून जास्त. ती बॅटरी लवकर बसते. घ्यायचाच तर पॅनल वेगळं, बॅटरी सावलीत भिंतीवर, असा घ्या. पॅनलवर खळ्याची धूळ बसते, महिन्यातून पुसावं लागतं. आणि श्रावणात झड लागली की तिसऱ्या रात्री तो बंद, नेमकं सरपटणारं निघतं तेव्हा. फाट्यावरच्या खुणेच्या दिव्याला सोलर चांगला, वायर ओढायला नको. घराला मीटरवरचाच ठेवा.

मीटरवरच्यालाही एक दुखणं आहे. रात्री उशिरा सगळ्यांच्या मोटारी बंद झाल्या की आपल्या लाइनवर व्होल्टेज चढतं. स्वस्तातला एलईडी फ्लड त्यातच उडतो. लोक म्हणतात कंपनी खराब. सर्ज प्रोटेक्शन लिहिलेला घ्या.

सेन्सर चांगली वस्तू आहे. अंगाची उष्णता हलली की तो लागतो. म्हणजे भर उन्हाळ्यात, भिंती रात्री दहालाही तापलेल्या असतात तेव्हा, त्याला माणूस आणि भिंत यातला फरक कमी कळतो. हिवाळ्यात तो आठ-दहा मीटरवरून पकडेल, मे मध्ये जवळ यावं लागेल. लावताना वाटेला आडवा लावा. समोरून सरळ चालत येणारा त्याला उशिरा कळतो, आडवा जाणारा लगेच.


पारोळा_कपाशी:

सेन्सरचा अजून एक फायदा. लाईट अचानक लागली की आत झोपलेल्याला कळतं कुणीतरी आलं. रात्रभर जळणारी लाईट काहीच सांगत नाही.

रानडुकरं आणि रोह्यांसाठी (नीलगाई) लोक वावरात लुकलुकणारे दिवे लावतात, त्यांचं मात्र आठ-पंधरा दिवसांचं कौतुक. जनावर सरावतं. पण म्हणून तारेत सरळ करंट सोडू नका, माणसं मेलीत त्याने, गुन्हाही आहे. झटका मशीन वेगळं, ते झटका देतं, जीव घेत नाही.


केळीवाला_रावेर:

आणि रात्रीच्या लाईटचा मूळ विषय तर राहिलाच! मोटारीला लागणारी थ्री-फेज वीज रात्री येते म्हणून माणूस रात्री वावरात जातो. साप चावतो तो तिथे, बिबट्या भेटतो तो तिथे. माझं ठिबक आहे, व्हॉल्व फिरवून परत येतो. पण गहू-हरभऱ्याला मोकळं पाणी भरणारा माणूस रात्रभर चिखलात उभा असतो. त्याला घरावरचा फ्लड काय कामाचा? त्याला दिवसाची लाईट पाहिजे. सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून ऐकतोय, काही फीडरला दिवसाची सुरू झालीही, आमचा फीडर वाट बघतोय. तोवर डोक्याला बांधायची बॅटरी आणि गमबूट.


पांझराकाठचा_पिंटू:

हाई खरं बोलनात भाऊ.


गिरणाकाठ:

घरात बैठक झाली. ठरलं ते असं: दारावर आणि खळ्यात टोपीचे पिवळे बल्ब, झोपताना बंद. गोठ्याच्या वाटेला टू-वे बटण, गोठ्याला आरसीसीबी. आई-अप्पांच्या खोलीपासून न्हाणीपर्यंत पायरीचे दिवे रात्रभर. फाट्यावर एक सोलर, त्यावर नावाची पाटी. बकऱ्यांच्या कोंडीला छतापर्यंत जाळी, हा खर्च भावाने उचलला. चार फ्लडमधला एक त्याने सोडला नाहीच. तो आता विहिरीच्या बाजूला, तोंड खाली, बटण त्याच्या खोलीत. आवाज आला की लावायचा. अप्पा म्हणतात, "एक राहू दे, त्याचंही मन राहिलं पाहिजे."

हिवाळ्यात खळ्यात भरीत करू तेव्हा तो कामाला येईल. तुरकाठ्यांवर वांगी भाजताना उजेड लागतोच.

गोठ्याच्या दाराला सेन्सर लावायचा विचार आहे. नाना, किती उंचीवर?


वायरमन_नाना:

सात-आठ फूट. पण तोंड दावणीकडे करू नका, बाहेरच्या वाटेकडे करा. मागे एकाने आत करून घेतला. म्हैस माश्या हाकलायला शेपूट हलवायची आणि रात्रभर लाईट चालू-बंद, चालू-बंद. मला रात्री दीडला फोन, म्हणे गोठ्यात कुणीतरी बॅटरी मारतंय.